उमराहच्या सफरीत रोख रियाल न्यावेत की कार्ड?

उमराहला निघालेला आपला बांधव इहराम, औषधे, चपलांची पिशवी यांची तयारी महिनाभर करतो. पैशांचा विचार मात्र विमानतळाच्या वाटेवर करतो, आणि नुकसान तिथेच होते. दुकानात थानामागे आठ आण्यांसाठी घासाघीस करणारा व्यापारीदेखील रियाल घेताना दर विचारत नाही.

हा प्रश्न जुनाच आहे. चांदीचे रियाल वागवणे जड जाई म्हणून १९५३ साली सौदी अरबने हाजींसाठी कागदी पावत्या काढल्या. १९५९ साली आपल्या रिझर्व्ह बँकेने हाजींसाठी १० व १०० रुपयांच्या खास नोटा छापल्या. पुढे हज कमिटीमार्फत जाणाऱ्यास निघतानाच २१०० रियाल रोख मिळत. २०२३ च्या हजसाठी ती सक्ती काढण्यात आली आणि रियालची सोय हाजींवर सोपवली गेली. उमराहला जाणाऱ्याला तर ही सोय नेहमी स्वतःच करावी लागते.

रोख रकमेचा हिशेब

१९८६ पासून एका डॉलरला ३.७५ रियाल हा दर बांधलेला आहे. त्यामुळे आधी डॉलर घेऊन तिकडे रियाल करण्यात फायदा नाही, दोनदा वटाव मात्र जातो. इथूनच रियाल घ्यावेत. खरा भाव काढणे सोपे आहे. त्या दिवशीच्या डॉलरच्या दराला ३.७५ ने भागावे. डॉलर ९० रुपये धरला तर रियाल २४ रुपये पडतो. दुकानदार २४.६० मागत असेल तर ६० पैसे त्याची कमाई झाली. ३००० रियालमागे ती १८०० रुपये होते. दोन-तीन ठिकाणी विचारूनच सौदा करावा. दुकान परवानाधारक असावे आणि पावती जपून ठेवावी. रक्कम ५०,००० रुपयांच्या वर असेल तर पैसे चेकने किंवा बँकेतून द्यावे लागतात.

रोख पैशाचा दोष एकच. गर्दीत खिसा कापला गेला की तो परत येत नाही.

कार्डाचा हिशेब

सौदीत २०२० पासून किरकोळ दुकानांनाही कार्डाची सोय ठेवणे बंधनकारक आहे, म्हणून कार्ड चालते. पण आपले नेहमीचे कार्ड परदेशात वापरले की बहुतेक बँका सुमारे २ ते ३.५ टक्के जादा आकार लावतात आणि त्या आकारावर १८ टक्के जीएसटी. साडेतीन टक्क्यांनी वरच्याच ३००० रियालवर, म्हणजे ७२,००० रुपयांवर, हा बोजा २९७४ रुपयांच्या घरात जातो. एटीएमचा आकार वेगळाच.

यापेक्षा आगाऊ रियाल भरून घेतलेले प्रवासी कार्ड बरे. भरताना जो दर ठरतो तोच राहतो, आणि कार्ड हरवले तर फोन करून बंद करता येते. मात्र भरण्याचा व पैसे काढण्याचा आकार आधी विचारून घ्यावा. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नेहमीचे कार्ड वापरताना मशीनवर "रुपये की रियाल" असे विचारले तर रियालच निवडावे. रुपये निवडले की तिथला मशीनवाला आपल्या मर्जीचा दर लावतो.

मदीनेत मी स्वतः फसलो आहे. पत्नीला ताप भरला, दवाखान्यात कार्ड पुढे केले, ते चालेना. परदेशातील वापर मी घरून सुरू करून घेतलाच नव्हता. २०२० पासूनच्या नियमाने नव्या कार्डावर तो आपोआप सुरू नसतो. बँकेचा ओटीपी ज्या नंबरवर येणार ते सिम मी घरी ठेवून आलो होतो. काफिल्यातील साथीदारांनी रियाल काढून दिले. अल्लाह त्यांना जजा देवो. पण ज्याच्या सोबत कोणी नसेल त्याने काय करावे?

क्रेडिट कार्ड आणि सूद

क्रेडिट कार्डावर एटीएममधून रोख काढली की व्याज त्याच दिवसापासून सुरू होते. खरेदीचे बिल मुदतीत पूर्ण भरले नाही तर त्यावरही व्याज चढते. अल्लाहच्या घरी गेलेल्या माणसाने परत येऊन त्याच सफरीचा सूद भरत बसावे, याहून मोठा तोटा कोणता? म्हणून हे कार्ड घरीच ठेवावे, हे माझे मत.

मग करावे काय?

३००० रियालचा खर्च असेल तर १००० रोख आणि २००० प्रवासी कार्डावर ठेवावेत. टॅक्सी, हलक, सदका, चहा-खजूर यांना रोख. हॉटेल, दवाखाना, मोठी खरेदी यांना कार्ड. रोख रक्कम नवरा-बायकोने अर्धी-अर्धी वाटून घ्यावी. खात्याचे डेबिट कार्ड अडीअडचणीला असावे, पण परदेशातील वापर इथूनच सुरू करून आणि सिम सोबत घेऊन. उरलेले परकीय चलन परतल्यावर १८० दिवसांत बदलावे. २००० डॉलरपर्यंतचे जवळ ठेवता येते.

निघण्यापूर्वी कारागिरांची मजुरी आणि लोकांची देणी चुकती करावीत. तो हिशेब ना रोखीने भागतो ना कार्डाने. अल्लाह सर्वांची सफर कबूल करो, आमीन.