शेजाऱ्याच्या शेतावरून उडणारें यंत्र

प्राणहिता व गोदावरी या नद्यांच्या संगमाजवळील सिरोंचा तालुक्यांत धान, कापूस व मिरची हीं पिकें एकमेकांस लागून उभीं असतात. एकाची बांधी संपली कीं धुऱ्यापलीकडे दुसऱ्याची पऱ्हाटी सुरू होते. आजवर येथील तंटे धुरा कोरल्याचे, ढोरें पिकांत शिरल्याचे व पाण्याच्या वाटेचे असत. आतां ड्रोन हें उडतें यंत्र शेतीच्या कामांत शिरूं लागलें आहे. महिला बचत गटांस असे १५,००० ड्रोन पुरविण्याची योजना केंद्र सरकारनें नोव्हेंबर २०२३ मध्यें मंजूर केली. पाठीवरच्या पंपानें ज्या शेतास दिवस लागतो, तें काम हें यंत्र थोडक्या वेळांत उरकतें, आणि फवारणाऱ्याच्या अंगावर विषही पडत नाहीं. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें कास्तकारांवर व मजुरांवर जो प्रसंग गुदरला, तो आठवतां हा लाभ लहान नव्हे. परंतु मजुराच्या अंगावरचें विष शेजाऱ्याच्या पिकावर गेलें तर काय, हा प्रश्न यंत्राबरोबरच आला आहे.

पुष्कळांस वाटतें कीं, आपल्या सातबाऱ्यावरील जमिनीच्या वरचें आकाशही आपलेंच. ही समजूत जुनी असून युरोपच्या कायद्यांतही ती होती. अमेरिकेंतील नॉर्थ कॅरोलिना संस्थानांत कॉझ्बी नांवाच्या शेतकऱ्याचा कोंबड्यांचा धंदा होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत लष्करी विमानें त्याच्या जमिनीच्या ८३ फूट उंचीवरून जाऊं लागलीं. भेदरलेल्या सुमारें १५० कोंबड्या भिंतींवर आपटून मेल्या. १९४६ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, सारें आकाश मालकाचें ही कल्पना विमानांच्या युगांत टिकणार नाहीं. तथापि जमिनीच्या उपभोगास लागणारें लगतचें आकाश मालकाचेंच होय. आपल्याकडे १९३४ च्या विमान कायद्यानें असें ठरविलें होतें कीं, वारा व हवामान पाहतां वाजवी अशा उंचीवरून केवळ उड्डाण झालें, एवढ्याच कारणानें अतिक्रमणाचा वा उपद्रवाचा दावा चालणार नाहीं. त्या कायद्याची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियमानें घेतली आहे. आमच्या मतें शेतकऱ्यानें जुन्या कलमांतील ‘केवळ’ हा शब्द ध्यानांत धरावा. यंत्र वरून गेलें म्हणून भांडणें व्यर्थ आहे. त्यांतून खालीं काय पडलें, हें विचारण्याचा हक्क मात्र कोणीं हिरावून घेतलेला नाहीं.

धानांतील रुंद पानांचें तण मारण्यास टू-फोर-डी हें तणनाशक फार वापरलें जातें. धानास तें सोसतें. पऱ्हाटीस मात्र त्याचा अंशमात्र स्पर्शही बाधतो. कोवळीं पानें अरुंद होऊन भेंडीच्या पानांसारखीं दिसूं लागतात, शेंडे मुरगळतात व पात्या गळतात. त्यांत ड्रोनाची रीत निराळी. पाठीवरच्या पंपास एकरीं १५० ते २०० लिटर पाणी लागतें, ड्रोन तेंच काम सुमारें १० लिटरांत करतो. औषध तितकेंच व पाणी थोडें, म्हणून थेंब बारीक आणि तीव्र. आणि थेंब जितका बारीक तितका तो वाऱ्याबरोबर दूर जातो. कीटकनाशक असेंच उडून बोडींत पडलें तर मासे मरतात, फुलोऱ्यावर पडलें तर मधमाशा मरतात.

याविषयीं नियम नाहींत असें नाहीं. कीटकनाशक नियम १९७१ मध्यें हवेंतून फवारणी करणाऱ्यावर असें बंधन आहे कीं, फवारणीची सूचना लोकांस निदान २४ तास आधीं द्यावी, क्षेत्र आंखून घ्यावें, आणि कामाशीं संबंध नसलेलीं माणसें व जनावरें ठराविक काळ तेथें येऊं देऊं नयेत. ड्रोन नियम २०२१ प्रमाणें फवारणीच्या ड्रोनास ओळख क्रमांक, चालकास प्रमाणपत्र व इतरांच्या हानीसाठीं विमा लागतो. भाड्यानें ड्रोन बोलावणाऱ्या शेतमालकानें हे तीन कागद स्वतः पाहावेत. चालक सायंकाळीं परगांवीं निघून जातो. दुसऱ्या दिवशीं शेजारी दारांत उभा राहतो तो मालकाच्याच.

तथापि शेजाऱ्याची प्रत्येक तक्रार खरी असतेच असेंही नव्हे. मिरचीची पानें फुलकिड्यांनीं वरच्या बाजूस वळतात, कोळ्यांनीं खालच्या बाजूस वळतात, आणि चुरडामुरडा या रोगानेंही आकसतात. कालच शेजारीं ड्रोन उडालें व आज पानें वळलेलीं दिसलीं, एवढ्यावरून दोष ठरवूं नये. हवेंतून आलेल्या औषधाची खूण अशी कीं, नुकसान धुऱ्यालगत सर्वांत जास्त असतें आणि वाऱ्याच्या दिशेनें आंत जावें तसतसें कमी होत जातें. वाटेंतील रुंद पानांच्या तणावरही तीच खूण दिसते. रोग व किडी असा हिशेब सहसा ठेवीत नाहींत. म्हणून शंका येतांच दोन्ही शेतमालक, कृषि सहायक व दोन पंच यांनीं मिळून पाहणी करावी, फवारणीचा दिवस, वेळ, औषधाचें नांव व वाऱ्याची दिशा लिहून ठेवावी, आणि छायाचित्रें घ्यावीं. सोनापूरचें कृषि विज्ञान केंद्र येथून सुमारें २०० किलोमीटर दूर आहे. तेथील जाणता येईपर्यंत खूण पुसली जाते, यास्तव कागद पहिल्या आठवड्यांतच व्हावा.

कॅमेऱ्याचा ड्रोन हा निराळा विषय आहे. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असें सर्वोच्च न्यायालयानें २०१७ सालीं सांगितलें, तेव्हां परक्याच्या अंगणावर व न्हाणीवर यंत्राचा डोळा रोखणें ही थट्टा नव्हे. उडविणाऱ्यानेंही ठाण्यांत विचारल्याशिवाय उडवूं नये. आपल्या पोचमपल्लीसमोरच्या मेडीगड्डा धरणावरून विनापरवाना ड्रोन उडविल्याच्या आरोपावरून २०२४ सालीं पलीकडील कांहीं राजकीय पुढाऱ्यांवर महादेवपूर ठाण्यांत गुन्हा नोंदला गेला होता. मात्र संतापून दगडानें वा गलोलीनें यंत्र पाडणें सर्वस्वीं चुकीचें होय. नुकसानीचा गुन्हा उलट आपल्याच माथीं येतो, आणि त्यांतील बॅटरी पेटली तर वाळलेला कडबाही जातो.

तंटा न्यायचा कोठें? दिवाणी दावा वर्षानुवर्षें चालतो, आणि तोंवर दोघांस एकाच धुऱ्यावरून जावें लागतें. सिरोंचा तालुका अनुसूचित क्षेत्रांत आहे. १९९६ च्या पेसा कायद्यानें तंटे मिटविण्याची आपली रूढ रीत राखण्यास ग्रामसभा समर्थ मानली आहे. १५ ऑगस्ट २००७ रोजीं सुरू झालेल्या तंटामुक्त गांव मोहिमेनें समित्याही दिल्या. त्या कांहीं गांवीं कागदावरच आहेत, हें आम्ही जाणतों. तरीही मृगाच्या आधींच्या ग्रामसभेंत ठराव करून घ्यावा कीं, ड्रोनानें फवारणारा आदल्या दिवशीं धुऱ्याच्या चारही शेजाऱ्यांस औषधाचें नांव सांगेल; वारा शेजाऱ्याच्या पऱ्हाटीकडे, मिरचीकडे वा बोडीकडे असतां फवारणार नाहीं; आणि धुऱ्यालगतच्या कांहीं ओळी पाठीवरच्या पंपानेंच फवारील. भरपाई ठरवावयाची ती पीक निघाल्यावर, लगतच्या न बिघडलेल्या ओळींशीं तोलून ठरवावी. कोवळें झाड कित्येकदां सावरतें. तालुक्यांत पुष्कळांची घरची भाषा तेलुगू आहे, तेव्हां ठरावाची एक प्रत तेलुगूंतही लिहून ग्रामपंचायतीच्या दारावर लावावी.