घर पहावे म्हातारपणी राहून

'घर पहावे बांधून आणि लग्न पहावे करून' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ही दोन्ही कामे अंगावर घेतल्याशिवाय त्यांतला खर्च आणि मनस्ताप कळत नाही, एवढाच तिचा अर्थ. परंतु घराची खरी परीक्षा ते बांधताना होत नाही. ती होते त्या घरात म्हातारपण आले म्हणजे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी सुरतेजवळ मामांकडे गेले होते, तेव्हा ही गोष्ट माझ्या ध्यानात आली. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी, म्हणून माझ्याकडे काम आले होते ते फक्त कर्जाच्या हप्त्याचा हिशेब करण्याचे. पण हिशेब करता करता वेगळेच आकडे पुढे आले. ते आपल्यापुढे मांडावेत म्हणून हा लेखनप्रपंच.

सुरतेला मराठी माणूस नवा नाही. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. माझे मामा मात्र आपल्या बेळगावकडचे. कापड रंगवण्याच्या कारखान्यात नोकरी, आणि सारा जन्म भाड्याच्या घरात. आता वयाच्या ५२ व्या वर्षी त्यांनी कामरेजला स्वतःचे घर घ्यायचे ठरवले. कामरेज हे तापीकाठचे तालुक्याचे गाव. मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्ग तिथून जातो, आणि कामरेज चार रस्त्याच्या आसपास रो-हाउसच्या रांगा व फ्लॅटच्या इमारती उभ्या आहेत.

मामांनी दोन प्लॅन आणले होते. पहिला रो-हाउसचा. जागा १५ फूट रुंद, ४५ फूट खोल, म्हणजे ६७५ चौरस फूट. तिकडच्या भाषेत ७५ वार. खाली पुढे गाडी लावायची जागा, मग हॉल, मागे स्वयंपाकघर आणि जिन्याखाली एक लहानसा संडास. झोपण्याच्या दोन्ही खोल्या माडीवर. दुसरा प्लॅन दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटचा. सगळ्या खोल्या एका पातळीवर, इमारतीला लिफ्ट. मामांचा ओढा पहिल्याकडे. "जमीन आपली, गच्ची आपली," हे त्यांचे म्हणणे. मामींनाही हॉल मोठा म्हणून तोच पसंत होता.

आजी कोपऱ्यात बसून ऐकत होती. तिचे वय ७६, दोन्ही गुडघे धरलेले. तिने एकच प्रश्न विचारला, "माझी खाट कुठं घालणार?" सगळे गप्प झाले. प्लॅनवर खाटांची चित्रे होती, पण ती सगळी माडीवर.

आपल्या जुन्या घरांत हा प्रश्न कोणाला पडत नसे. पुढे सोपा, मग माजघर, मग स्वयंपाकघर, सारे एकामागून एक आणि बहुतेक एकाच पातळीवर. म्हाताऱ्या माणसाची खाट सोप्यात. कोण आले, कोण गेले ते त्याला पडल्या पडल्या दिसे. आमच्या वर्गातल्या कानडी मैत्रिणीच्या घरी सोप्याला पडसाले म्हणतात आणि परड्याला हित्तलु. नावे वेगळी, घर तेच. पण या घरांतही एक मोठा दोष होता. संडास परड्यात. आमच्या गावच्या घरी तीन पायऱ्या उतरून, अंधारातून तिथे जावे लागे. २०१९ च्या पावसाळ्यात एका रात्री आजोबा त्या पायऱ्यांवरून घसरले. खुब्याचे हाड मोडले. त्यानंतर चार महिने ते अंथरुणावरच होते, उठले नाहीत. आजी मामांकडे राहायला गेली ती त्यानंतर. तेव्हा जुने ते सर्व सोने असे मी म्हणणार नाही.

म्हातारपणी वृद्धाश्रमात किंवा परक्या ठिकाणी न जाता राहत्या घरीच शेवटपर्यंत राहता यावे, ही बहुतेकांची इच्छा असते. ती इच्छा पुरी होण्यासाठी मुलांची माया लागते हे खरे, पण माया असूनही घराचा नकाशा आडवा येऊ शकतो. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात साठीच्या वरची माणसे सुमारे १० कोटी ३८ लाख होती. अपंग व वृद्धांना वावरता यावे म्हणून इमारती कशा असाव्यात याचे निकष २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत दिलेले आहेत, २०१६ मध्ये दिव्यांगांच्या हक्कांचा कायदाही झाला. पण या निकषांचा भर मुख्यतः सार्वजनिक इमारतींवर आहे. आपल्या घरातल्या न्हाणीचे दार किती रुंद असावे हे पाहायला कोणी अधिकारी येत नाही. ते घेणाऱ्यानेच पाहावे लागते. काय पाहावे ते आता क्रमाने सांगते.

(१) खाट, संडास, चूल आणि बाहेरचे दार ही चार ठिकाणे एका पातळीवर आहेत का? माझ्या मते हा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. माडीवर कितीही खोल्या असोत, खाली एक लहानशी झोपण्याची खोली आणि नीट न्हाणी-संडास असला तर घर म्हातारपणी चालते. नसला तर माणूस माडीवर अडकतो. जिना चढवेना झाला की आधी बाजार सुटतो, मग देऊळ, मग शेजार.

(२) रस्त्यावरून घरात येताना किती चढावे लागते? चाकांच्या खुर्चीसाठीचा उतार बाराला एक या प्रमाणात असावा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. मामांच्या रो-हाउसचे जोते दीड फूट उंच. म्हणजे उतार हवा १८ फूट, आणि पुढची मोकळी जागा अवघी १२ फूट! मग जोतेच बुटके का करू नये? इथे कामरेजची गोष्ट वेगळी आहे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून पाणी सोडावे लागले आणि तापीच्या पुरात सुरत शहराचा मोठा भाग बुडाला. त्या तापीच्या काठी बुटके जोते हा शहाणपणा नव्हे. अशा ठिकाणी जोते उंचच ठेवावे, पण पायऱ्या सहा-सहा इंचांच्या, रुंद, आणि दोन्ही बाजूंना धरायला दांडी अशा कराव्यात. एका बाजूने वळण घेऊन उतार करता येईल का, हेही आधीच पाहून ठेवावे.

(३) दारे किती रुंद आहेत? चाकांच्या खुर्चीची रुंदी साधारण दोन फूट दोन इंच. दारातून मोकळी वाट तीन फूट मिळाली तर ती सहज जाते, आणि खुर्ची जागच्या जागी वळवायला पाच फुटांचे वर्तुळ लागते. जिन्याखालच्या त्या संडासाचे दार प्लॅनवर होते दोन फूट! चौकट वजा केली तर काठी टेकणाऱ्या माणसालाही आडवे होऊन आत जावे लागेल. हातात टेप घेतल्याशिवाय हे मलाही दिसले नसते.

(४) न्हाणी-संडासाची रचना कशी आहे? न्हाणीची जमीन तीन-चार इंच खाली घेऊन दारात उंबरा करण्याची पद्धत सर्रास आहे. ठेच लागते ती इथेच. जमिनीला मोरीकडे नीट उतार दिला तर एवढ्या मोठ्या उंबऱ्याची गरज राहत नाही. बैठकीच्या संडासाऐवजी कमोड हवा, आणि तोही साधारण दीड फूट उंचीचा. फार बुटक्या कमोडवरून गुडघेदुखीच्या माणसाला उठवत नाही. बाजूच्या भिंतीत आज दांडी बसवली नाही तरी चालेल, पण पुढे ती बसवता येईल अशी भिंत पक्की असावी. दार बाहेरच्या बाजूला उघडावे. माणूस आत पडला तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगाने अडते. आणि फरशी गुळगुळीत नको. ती दुकानात छान दिसते, ओली झाली की घात करते.

(५) जिना किती चढाचा आहे? दहा फूट उंचीच्या मजल्याला साडेसात इंचांच्या १६ पायऱ्या होतात, सहा इंचांच्या २०. दहा इंच रुंदीच्या पायऱ्यांचा पहिला जिना साडेबारा फुटांत बसतो. बारा इंच रुंदीच्या पायऱ्यांचा दुसरा जिना १९ फूट मागतो. बिल्डर पहिला का निवडतो हे यावरून कळेल. जिना मध्येच वळत असेल तर वळणावर तिरक्या, निमुळत्या पायऱ्या नकोत. सपाट जागा हवी.

(६) उजेड आणि लिफ्ट. विशीच्या डोळ्यांत जेवढा उजेड पडद्यापर्यंत पोचतो, त्याच्या सुमारे एक तृतीयांशच साठीच्या डोळ्यांत पोचतो. म्हणून खाटेपासून संडासापर्यंतच्या वाटेवर दिवा आणि खाटेवरून हात पुरेल असे बटण हवे. फ्लॅट घेताना वीज गेल्यावर लिफ्ट चालते का आणि तिच्या देखभालीचा खर्च कोण किती देतो, हे विचारून घ्यावे. बंद लिफ्टचा दुसरा मजला आणि माडी यांत काही फरक नाही.

आता थोडे पैशांविषयी. आम्ही हिशेबात भांडवली खर्च आणि महसुली खर्च असा भेद शिकतो. रुंद दार, पक्की भिंत, उंबऱ्याविना न्हाणी यांचा खर्च बांधतानाच केला तर तो घराच्या किमतीत फारसा जाणवत नाही. तोच दहा वर्षांनी करायचा तर भिंत फोडा, फरशी उखडा, नळ बदला. म्हणजे स्वस्त प्लॅन हा नेहमी स्वस्त नसतो; तो पुष्कळदा पुढे ढकललेला खर्च असतो, आणि ज्या वयात तो समोर येतो त्या वयात पगार बंद झालेला असतो. शिवाय जाहिरातीतला आकडा आणि वापरायची जागा यांत अंतर असते. २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे चटई क्षेत्रात बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरत नाहीत. मामांना आवडलेली गच्ची त्यामुळे हिशेबातून गळाली, आणि आजी तिथे जाणार तरी कशी?

आणखी एक गोष्ट. २००७ च्या अर्थसंकल्पापासून आपल्याकडे उलट गहाणाची योजना आली आहे. साठीच्या वरचा घरमालक स्वतःचे राहते घर बँकेकडे गहाण ठेवून ठराविक रक्कम घेत राहू शकतो आणि हयातभर त्याच घरात राहू शकतो. पण त्यासाठी घर त्याच्या नावावर हवे, आणि तिथे राहता येण्यासारखे हवे. ज्या घरात जिना चढवत नाही त्या घरावर पैसे मिळून काय उपयोग?

परदेशांत या विषयाचा विचार बराच आधी झाला. इंग्लंडमध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस 'जन्मभराचे घर' अशा अर्थाचे काही निकष तयार झाले. दुमजली घर असले तरी खालीच संडास, खाली खाट टाकण्याची सोय आणि पुढे छोटी लिफ्ट बसवता येईल अशी जागा राखून ठेवणे, या गोष्टी त्यांत होत्या. जपानात २००० मध्ये वृद्धांच्या शुश्रूषेचा विमा सुरू झाला. घरात दांड्या बसवणे, उंबरे काढणे अशा किरकोळ दुरुस्त्यांना त्यातून २ लाख येनपर्यंतच्या खर्चासाठी मदत मिळते. सरकारने हे केले ते केवळ दयेपोटी नव्हे. खुबा मोडलेल्या माणसाची शुश्रूषा दांडीपेक्षा कितीतरी महाग पडते.

असो. मामांच्या घराचे पुढे काय झाले? मी कागदावर मामांचे आजचे वय लिहिले आणि त्याखाली २५ मिळवले. उत्तर आले ७७, म्हणजे आजीपेक्षाही एकाने जास्त. मामा बराच वेळ त्या बेरजेकडे पाहत राहिले. खालच्या खोलीचा प्रश्न एकट्या आजीचा नाही, हे त्यांना तेव्हा पटले.

रो-हाउसच त्यांनी घेतले, कारण काम अजून पायाशीच होते आणि फेरफार करणे शक्य होते. घेणाऱ्याच्या मागणीवरून किरकोळ बदल करण्यास कायद्याची आडकाठी नाही. "असं कोणी मागत नाही," म्हणून बिल्डर आधी हसला. मग कबूल झाला. जिन्याखालचा संडास रद्द होऊन मागे पाच फूट बाय सात फुटांची न्हाणी आली, दार तीन फुटांचे. हॉलमधून दहा फूट लांबीची खोली निघाली. सगळे बदल नकाशावर काढून, सही घेऊन मगच पैसे भरले. तोंडी कबुलीवर मामा थांबले नाहीत. हॉल लहान झाला म्हणून मामी थोड्या नाराज आहेत, आणि त्यांची नाराजी खोटी नाही. ७५ वारांत सगळेच बसत नाही. काही ना काही सोडावे लागते. काय सोडायचे ते माणसाने समजून सोडावे, एवढेच.

आजीला नवा प्लॅन दाखवला. तिला रेघांतले काही कळले नाही. मी बोट ठेवून "ही तुझी खाट" म्हटले, तेव्हा तिने विचारले, "इथून दार दिसतं काय गं?" दिसते. तेवढे मी आधीच पाहून ठेवले होते.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आपण विशीत आहोत. आपल्याला जिना दिसतच नाही, आपण तो दोन-दोन पायऱ्यांनी चढतो. पण उद्या घरे घेणार आहोत ती आपणच, आणि आज घरात कर्जाचे कागद वाचून दाखवण्याचे काम पुष्कळदा आपल्याकडेच येते. तेव्हा येत्या सुट्टीत घरी गेलात की एक टेप घ्या. न्हाणीच्या दाराची रुंदी मोजा, उंबऱ्याची उंची मोजा, खाटेपासून संडासापर्यंत पावले मोजा. आणि मग घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारा, रात्री उठावे लागले तर भीती कुठे वाटते? त्या उत्तरात घराचा खरा नकाशा सापडेल.

— एक विद्यार्थिनी, बी. कॉम. भाग २