आंब्याची साल खावी, पण चीक ओळखून

जाधववाडीच्या बाजारातून केसर आंबा वस्तीत येऊ लागला, की आमच्याकडे एक तक्रार हमखास येते. लेकराचे ओठ सुजले, तोंडाभोवती पुरळ उठले. कोणी म्हणते उष्णता झाली, कोणी नजर उतरवते. माता-भगिनींनो, ही ना उष्णता, ना नजर. हा आंब्याचा चीक उतला आहे.

आंबा, काजू आणि बिब्बा ही एकाच कुळातली झाडे. बिब्बा अंगावर उततो, हे आपल्या आज्यांना पक्के ठाऊक होते. तशाच जातीचे द्रव्य आंब्याच्या देठाच्या चिकात आणि सालीत असते. कैरीत जास्त, पिकल्यावर कमी. पुरळ बहुधा 1 ते 3 दिवसांनी उठते, म्हणून आंब्यावर संशय जात नाही. आजवर त्रास न झालेल्यालाही तो पुढे कधी सुरू होऊ शकतो.

मग साल खावी का? ज्यांना त्रास होत नाही, त्यांनी पिकल्या आंब्याची साल खुशाल खावी. तिच्यातल्या चोथ्याने पोट साफ राहते. आधी देठ काढून चीक पिळून टाका आणि आंबा वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. कार्बाइडने फळे पिकवायला कायद्याने बंदी आहे, तरी चोरून वापर होतो. म्हणूनही धुणे हवेच.

पण सालीच्या आतले द्रव्य धुऊन जात नाही. ज्यांना बिब्बा, काजूचे टरफल किंवा आंबा उततो, त्यांनी साल खाऊ नये, आंबा चोखूही नये. दुसऱ्याने सोलून दिलेल्या फोडी खाव्यात.

लोणच्याच्या कैऱ्या फोडणाऱ्या, आंबे तोडणाऱ्या, पेट्या भरणाऱ्या भगिनींनी हातमोजे घालावेत. मजुरीचे काम असेल तर ते मालकाकडे मागा; मागण्यात लाज नाही. चीक लागलेला हात डोळ्याला लावू नका.

चीक लागताच साबण-पाण्याने धुवा, नखेही घासा. पुरळावर थंड ओले फडके ठेवा. फोड फोडू नका. चुना, टूथपेस्ट लावू नका. डोळे सुजले, पुरळ पसरले किंवा पू झाला तर आरोग्य केंद्रात किंवा घाटीत दाखवा. श्वास लागला तर थांबू नका, लगेच 108 ला फोन करा.