उंबरठा, गल्ली आणि मुलांचे खेळ

मूल खेळत नाही म्हटले की आपण त्याला आळशी ठरवून मोकळे होतो. पण ते किती धावेल हे पुष्कळदा त्याच्या दारापुढील जागाच ठरवीत असते, असे आम्हांस वाटते.

आमचे शहापूर हे विणकरांचे गाव. विणकराच्या घरात मोठी जागा मागाने व्यापलेली. मुलांना पाय पसरावयासही वाव नसे. कांड्या भरण्याचे बैठे काम आटोपले की ती सरळ गल्लीत धाव घेत. लगोरी, लंगडी, विटीदांडू यांना निराळे मैदान लागत नसे. कट्ट्यावर बसलेल्या वडीलधाऱ्यांची नजर हीच राखण. घर अपुरे होते, म्हणूनच गल्ली अंगण झाली!

आज गल्ली तीच आहे. पण दोन्ही कडांना दुचाक्या उभ्या असतात आणि मधून वाहने वेगाने जातात. आईच्या मनात धास्ती बसते आणि मूल घरात, पडद्यासमोर बसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे तरी दम लागेल अशी हालचाल करावयास हवी. परंतु १४६ देशांतील शाळकरी मुलांविषयी २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ११ ते १७ वयाची शंभरांतील ८१ मुले तेवढी हालचाल करीत नाहीत असे आढळले. मुलगे ७८, मुली ८५.

हा मुलींचा आकडा आम्हांस अधिक बोचतो. एकाच दारातून भाऊ-बहीण बाहेर पडतात. त्याला आपण म्हणतो, "जा, खेळून ये", तिला म्हणतो, "लांब जाऊ नकोस, अंधाराच्या आत परत ये." आम्हीही हे म्हटले आहे. मुलगा पुढच्या चौकापर्यंत पोचतो, मुलीचे सागरगोटे पायरीवरच राहतात. येथे दोष वाहनांचा नव्हे. गल्ली दोघांना सारखीच होती.

बेळगावात रंग खेळतात धुळवडीला. शहापुरात मात्र सांगली संस्थानच्या काळापासून रंगपंचमीला. संस्थान १९४८ साली विलीन झाले, प्रथा राहिली. त्या सकाळी रंगाच्या भीतीने वाहने गल्लीत शिरत नाहीत. मग पाहावे: पिचकारी घेऊन मुली या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत असतात, आणि त्यांना परत बोलावयाचे कोणाला सुचत नाही.