नळीच्या वाटेवरून मागे कधी फिरायचं?
बेलपाड्यातून हरिश्चंद्रगडावर चढणारी नळीची वाट म्हणजे कोकणकड्यालगतची, दगडधोंड्यांनी भरलेली अरुंद घळ. वर पाऊस झाला की पाणी हिच्यातूनच उतरतं आणि येताना सुटे दगड घेऊन येतं. तुमच्या अंगावर थेंबही पडलेला नसला तरी. वळवाच्या दिवसांत दुपारी ढग दाटले, कोरड्या घळीत धार लागली किंवा वरून खडखडाट ऐकू आला, की फिरा. तेही कातळटप्प्याच्या आधीच. ओला कातळ कसाबसा चढता येतो, उतरताना मात्र दोराशिवाय पाय ठरत नाही. गडगडाट सुरू झाल्यावर ‘अजून थोडं जाऊ’ म्हणणारा गडी प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच. त्याचं ऐकू नका. पाणी वाढलंच, तर घळीच्या तळात न थांबता कडेच्या उंचवट्यावर सरका.