झाड विकताय? आधी टेप लावा!

बांधावरचं सागवान विकायचं म्हटलं की व्यापारी येतो, झाडाकडं वर-खाली बघतो आणि उक्ता आकडा सांगतो. हो म्हणायच्या आधी दहा मिनिटं काढा. शिंप्याचा टेप पुरतो.

जमिनीपासून साडेचार फुटांवर, म्हणजे छातीच्या उंचीला, खोडाचा घेर मोजा. वनखात्याचं 1.37 मीटर ते हेच. घेराला 3.14 ने भागलं की व्यास मिळतो. व्यास नजरेनं ठरवू नका, कारण घनफळात व्यासाचा वर्ग येतो. 12 इंची खोड 10 इंची धरलं, तर 144 च्या जागी 100 झाले. दोन इंचांत 30 टक्के माल गेला की!

छातीच्या मापावरून झाडाचा अंदाज येतो, पण ओंडक्याचा हिशोब त्याच्या मधल्या घेरावर होतो. समजा, ओंडका 15 फूट लांब आणि मधला घेर 40 इंच. लाकूड बाजारात घेराचा चौथा भाग घेतात: 10 इंच गुणिले 10 इंच, गुणिले लांबी. उत्तर 10.4 घनफूट. हीच हॉपस पद्धत, एडवर्ड हॉपस या इंग्रजाच्या 1736 च्या कोष्टकांवरून आलेली. गोल खोडाचं खरं घनफळ काढलं तर ते 13.3 घनफूट भरतं.

आता लगेच व्यापाऱ्याला चोर म्हणू नका. कापताना वाया जाणारं लाकूड या पद्धतीत आधीच वजा धरलंय, आणि बाजाराचा दरही बहुतेक त्याच मापावर बोलतात. पण असं मोजून वर पुन्हा "कापणीची घट" मागितली, तर तिथं थांबा. एकच घट दोनदा द्यायची नाही. टेप शेंड्याकडच्या बारीक टोकाला लावला, तरी विचारा. तिथं घेर 36 इंच असेल तर त्याच ओंडक्याचे 8.4 घनफूटच होतात.

वजन हवं असेल तर खरं घनफळ धरा. वाळलेलं सागवान घनमीटरला साधारण 600 ते 650 किलो भरतं, म्हणजे आपला ओंडका सव्वादोनशे ते अडीचशे किलोचा. ओला असताना तो बराच जड लागतो, म्हणून जळण वजनावर विकताना ओलं की वाळलेलं, हे आधी ठरवा.

आणि हो, साग स्वतःच्या रानातला असला तरी तोडायला परवानगी लागते, 1964 चा वृक्षतोड कायदा आहे. इसार घेण्याआधी तो अर्ज टाका.