डिझेल जनित्र बंद न होणे

डिझेल जनित्र बंद न होणे हा डिझेल इंजिनावर चालणाऱ्या जनित्र संचातील एक दोष आहे. या दोषात चावी फिरवून किंवा बंद करण्याचे बटण दाबूनही इंजिन चालूच राहते. अनेक मालकांच्या हातांतून गेलेल्या, वायरिंगमध्ये वेळोवेळी बदल झालेल्या जुन्या संचांत हा दोष विशेषेकरून आढळतो. त्याचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात इंजिन नेहमीच्या वेगाने चालू राहते, म्हणजे बंद करण्याची आज्ञा इंधन पंपापर्यंत पोहोचलेली नसते किंवा पोहोचूनही पाळली गेलेली नसते. दुसऱ्या प्रकारात इंजिनाचा वेग आपोआप वाढत जातो. यास इंजिनाचे अनियंत्रित धावणे म्हणतात. पहिला प्रकार बहुधा त्रासदायक असतो, तर दुसरा काही क्षणांत जीवघेणा ठरू शकतो. म्हणून दोष शोधण्यापूर्वी प्रकार ओळखणे आवश्यक असते.

तत्त्व

पेट्रोल इंजिनात इंधन व हवेचे मिश्रण विजेच्या ठिणगीने पेटते. ठिणगीचा पुरवठा तोडला की इंजिन थांबते. रुडॉल्फ डिझेल यांनी विकसित केलेल्या आणि १८९७ मध्ये जर्मनीतील ऑग्सबुर्ग येथे यशस्वीपणे चालवून दाखवलेल्या इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा संपीडनामुळे इतकी तापते की तीत फवारलेले इंधन आपोआप पेट घेते. त्यामुळे एकदा सुरू झालेल्या यांत्रिक इंधन पंपाच्या इंजिनाला चालू राहण्यासाठी मूलतः विजेची गरज नसते. ते थांबवण्याचे मुख्य मार्ग दोनच आहेत : इंधन तोडणे किंवा हवा तोडणे. चावी स्वतः यांपैकी काहीच करत नाही. ती केवळ इंधन तोडणाऱ्या भागाला आज्ञा देते. चावीपासून इंधनापर्यंतच्या या साखळीतील एखादा दुवा निकामी झाला की इंजिन बंद होत नाही.

बंद करण्याच्या पद्धती

जनित्र संचांत पुढील पद्धती प्रचलित आहेत.

• हाताने ओढायची तार किंवा लिव्हर : इंधन पंपावरील स्टॉप लिव्हर फिरवला की पंप इंधन देणे थांबवतो.
• वीज असेपर्यंत इंजिन चालू ठेवणारे सोलेनॉइड : चावी चालू असताना वीज मिळून सोलेनॉइडचा दांडा इंधनमार्ग उघडा ठेवतो. वीज गेली की स्प्रिंगमुळे मार्ग बंद होतो. वायर तुटली तर इंजिन थांबते, म्हणून ही रचना अधिक सुरक्षित मानली जाते.
• वीज दिल्यावर इंजिन बंद करणारे सोलेनॉइड : हे एरवी निष्क्रिय असते आणि बंद करतेवेळी काही सेकंद वीज मिळाल्यावर स्टॉप लिव्हर ओढते. फ्यूज उडाला, वायर तुटली किंवा बॅटरी अशक्त झाली तर इंजिन बंद करता येत नाही.
• डिकॉम्प्रेशन लिव्हर : काही लहान व मंदगती इंजिनांत झडप उघडी धरून संपीडन नाहीसे करता येते. हा लिव्हर मुख्यतः इंजिन सुरू करताना वापरायचा असतो. पूर्ण वेगात वापरल्यास झडपांच्या यंत्रणेला इजा होऊ शकते.

दोन्ही प्रकारची सोलेनॉइडे बाहेरून सारखी दिसू शकतात, पण त्यांचे कार्य परस्परविरुद्ध असते. जुन्या संचात मूळ सोलेनॉइडच्या जागी दुसऱ्या प्रकारचे बसवलेले असले, किंवा नवा नियंत्रक बसवताना त्यात चुकीचा प्रकार निवडलेला असला, तर सर्व सुटे भाग उत्तम स्थितीत असूनही इंजिन बंद होत नाही.

प्रकार ओळखणे

इंजिनाचा वेग हे पहिले लक्षण होय. चार ध्रुवांचे जनित्र ५० हर्ट्झ वारंवारतेसाठी मिनिटाला १५०० फेरे फिरते. वारंवारतेतील प्रत्येक हर्ट्झचा फरक हा ३० फेऱ्यांचा फरक असतो. यांत्रिक गव्हर्नर असलेल्या संचात भार काढल्यावर वारंवारता सुमारे ५२ हर्ट्झपर्यंत चढणे स्वाभाविक आहे. पॅनेलवरील आकडा तेथे स्थिर राहिला तर गव्हर्नर काम करत आहे आणि दोष आज्ञेच्या साखळीत आहे, असे समजता येते. आकडा चढतच राहिला, इंजिनाचा आवाज तीव्र होत गेला आणि धुराड्यातून दाट धूर येऊ लागला, तर ते अनियंत्रित धावणे असते.

बंद न होणे आणि बंद होण्यास उशीर लागणे यांतही फरक आहे. स्वयंचलित नियंत्रक बंद करण्याची आज्ञा मिळाल्यावर भार काढतो आणि इंजिन थंड होण्यासाठी साधारण १ ते ५ मिनिटे रिकामे चालवतो. टर्बोचार्जरच्या तापलेल्या दांड्याला या काळात तेल मिळत राहते. तसेच संच स्वयंचलित स्थितीत असताना मुख्य वीज आल्याचा संकेत नियंत्रकाला मिळाला नाही, तर तो इंजिन चालूच ठेवतो. तेव्हा दोष इंजिनात नसून संकेताच्या वायरीत किंवा रिलेत असतो.

कारणे

विद्युत कारणांत चावीचे किंवा रिलेचे चिकटलेले संपर्क, उडालेला फ्यूज, गंजलेले अर्थिंग आणि अशक्त बॅटरी यांचा समावेश होतो. यांशिवाय एक फसवे कारण म्हणजे उलटा पुरवठा. बॅटरी भारित करणारा लहान अल्टरनेटर इंजिनावरच फिरत असतो. त्याला सुरुवातीचा विद्युतप्रवाह देणारी बारीक वायर मूळ रचनेत इशारा दिव्यातून जाते. एखाद्या दुरुस्तीत दिवा काढून ती वायर सोलेनॉइडच्या वायरीशी थेट जोडली गेली, तर चावी बंद केल्यावरही अल्टरनेटर त्याच वायरीतून सोलेनॉइडला वीज देत राहतो. इंजिन अल्टरनेटरला फिरवते आणि अल्टरनेटर इंजिनाचा इंधनमार्ग उघडा ठेवतो, असे चक्र तयार होते. सोलेनॉइडचा दांडा ओढण्यास जेवढा विद्युतदाब लागतो, त्याहून बराच कमी दाब तो धरून ठेवण्यास पुरतो. त्यामुळे मीटरवर पूर्ण १२ किंवा २४ व्होल्ट न दिसताही हा दोष असू शकतो. अशा संचात बॅटरीची वायर काढूनही इंजिन थांबेलच असे नाही. उलट, चालू इंजिनाची बॅटरी तोडल्यास दाब अचानक वाढून अल्टरनेटरचे डायोड व नियंत्रक जळू शकतात. सुरुवातीचा प्रवाह देणाऱ्या वायरीत योग्य दिशेने डायोड बसवणे किंवा मूळ वायरिंग पूर्ववत करणे हा यावरील उपाय आहे.

यांत्रिक कारणांत गंजामुळे किंवा घट्ट झालेल्या वंगणामुळे अडकलेला दांडा, वाकलेली अथवा चुकीच्या लांबीची जोडकांडी, तुटलेली परतीची स्प्रिंग आणि इंधन झडपेच्या बैठकीवर साचलेली घाण ही प्रमुख होत. दीर्घकाळ पडून राहिलेल्या संचात ही कारणे अधिक आढळतात. झडप पूर्णपणे बसत नसेल तर इंजिन एकदम न थांबता अडखळत, मंद वेगाने चालत राहते.

दोषशोधन

इंजिन नेहमीच्या वेगाने चालू असल्यास प्रथम भार काढून ते पंपावरील स्टॉप लिव्हरने बंद केले जाते. लिव्हर नसल्यास इंधन टाकीची तोटी बंद केली जाते. फिल्टर व नळ्यांतील इंधन संपेपर्यंत इंजिन काही मिनिटे चालते आणि पुन्हा सुरू करण्यापूर्वी इंधनमार्गातील हवा काढावी लागते. चालू इंजिनाच्या इंजेक्टर नळ्यांचे नट सैल करणे मात्र धोक्याचे असते. त्या नळ्यांत शेकडो बार दाब असतो आणि बाहेर पडणारी बारीक धार त्वचेत शिरून गंभीर इजा करू शकते.

दोष विद्युत आहे की यांत्रिक, हे सोलेनॉइडच्या टोकावरील एका मोजमापाने ठरवता येते. वीज असेपर्यंत चालणाऱ्या प्रकारात चावी बंद केल्यावर टोकावर विद्युतदाब उरला असेल, तर दोष चावी, रिले किंवा उलटा पुरवठा यांत असतो. दाब शून्य असूनही इंजिन चालत असेल, तर दोष दांड्यात किंवा झडपेत असतो. वीज दिल्यावर बंद होणाऱ्या प्रकारात याच्या उलट निष्कर्ष निघतो : आज्ञा दिल्यावर दाब आला नाही तर दोष फ्यूज, वायर किंवा बॅटरीत, आणि दाब येऊनही इंजिन थांबले नाही तर तो सोलेनॉइडमध्ये किंवा जोडकांडीत असतो.

उलट्या पुरवठ्याची खात्री करण्यासाठी इंजिन बंद असताना अल्टरनेटरची ती बारीक वायर सोडवून इंजिन पुन्हा सुरू केले जाते. आता चावीने ते बंद झाल्यास कारण निश्चित होते. प्रत्यक्ष दुरुस्तीपूर्वी बॅटरीची ऋण वायर काढून ठेवावी लागते, कारण स्वयंचलित स्थितीतील संच कोणत्याही क्षणी सुरू होऊ शकतो.

अनियंत्रित धावणे

पंपातील इंधन नियंत्रित करणारा रॅक पूर्ण पुरवठ्याच्या स्थितीत अडकल्यास वेग वाढतो. तेव्हा इंधन तोडल्यास इंजिन थांबते. परंतु काही वेळा इंजिनाला पंपाखेरीज दुसरीकडून इंधन मिळते. टर्बोचार्जरच्या खराब सीलमधून किंवा क्रँककेसच्या ब्रीदरमधून वंगणतेल हवेच्या मार्गात येते आणि सिलिंडरमध्ये जळते. इंधन चढवणाऱ्या पंपाचा पडदा फाटून डिझेल तेलात मिसळल्यास तेलाची पातळी वाढते आणि हा धोका निर्माण होतो. म्हणून जुना संच सुरू करण्यापूर्वी मोजपट्टीवरील तेलाची पातळी आणि त्याला येणारा डिझेलचा वास तपासणे महत्त्वाचे असते. परिसरातील ज्वलनशील वायू हवेबरोबर आत ओढला गेल्यासही असेच घडते.

अशा वेळी चावी आणि इंधनाची तोटी दोन्ही निरुपयोगी ठरतात. हवा तोडणे हाच खात्रीचा मार्ग उरतो. त्यासाठी हवा तोडणारी झडप वापरली जाते. ती नसल्यास आणि हवेच्या तोंडापर्यंत सुरक्षितपणे पोहोचता येत असल्यास ते मजबूत सपाट फळीने झाकले जाते किंवा त्यात कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक सोडले जाते. हात किंवा कापड आत ओढले जाते, म्हणून ते वापरू नये असे सांगितले जाते. वेग फार वाढला असल्यास इंजिन फुटून तुकडे उडण्याचा संभव असतो. तेव्हा दूर जाणे हाच योग्य निर्णय ठरतो.

अमेरिकेतील डेट्रॉइट डिझेलच्या अनेक द्विघाती इंजिनांना याच कारणासाठी हवा अडवणारी आपत्कालीन झडप असे. २३ मार्च २००५ रोजी टेक्सास सिटी येथील तेलशुद्धीकरण कारखान्यातील स्फोटात १५ जण ठार झाले. गळलेल्या इंधनाच्या वाफा ओढून वेगाने धावू लागलेले एका ट्रकचे डिझेल इंजिन हा प्रज्वलनाचा संभाव्य स्रोत होता, असे तपासात आढळले. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातातील डीपवॉटर होरायझन या मंचावर वायू पसरल्यावर स्फोटापूर्वी जनित्रांच्या इंजिनांचा वेग वाढल्याचे बचावलेल्या कर्मचाऱ्यांनी सांगितले. त्या दुर्घटनेत ११ जण मरण पावले.

भारतातील संदर्भ

पुणे हे भारतातील डिझेल इंजिन उत्पादनाचे एक प्रमुख केंद्र आहे. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ मध्ये आणि किर्लोस्कर कमिन्स, म्हणजे आजची कमिन्स इंडिया, १९६२ मध्ये तेथे स्थापन झाली. जनित्र संचांसाठी १ जुलै २०२३ पासून लागू झालेल्या उत्सर्जन मानकांमुळे इलेक्ट्रॉनिक इंधन नियंत्रण असलेल्या इंजिनांचा वापर वाढला आहे. अशा इंजिनांत इंजेक्टर विजेच्या संकेताशिवाय उघडत नाहीत, त्यामुळे विद्युतपुरवठा तोडल्यावर ती सहसा थांबतात. तथापि वंगणतेलावर किंवा बाहेरील वायूवर धावण्याचा धोका त्यांनाही असतो.

दुरुस्तीनंतरची चाचणी

दुरुस्तीनंतर चावी, आपत्कालीन बटण आणि पंपावरील लिव्हर या तिन्ही मार्गांनी इंजिन स्वतंत्रपणे बंद होते का, हे भार न देता तपासले जाते. चाचणी मोकळ्या हवेत करणे आवश्यक असते, कारण बंद न होणारे इंजिन बंदिस्त खोलीत विषारी कार्बन मोनॉक्साइड सोडत राहते. संच वापरणाऱ्या प्रत्येकाला इंधनाची तोटी आणि स्टॉप लिव्हर यांची जागा ठाऊक असणे, हा सुरक्षिततेचा किमान भाग मानला जातो.